बाटलीवरची वेणी

बाटलीवरून अंगठा फिरवला, पुन्हा एकदा फिरवला. लेबलवरची वेणी छापलेली दिसत होती, पण हाताला लागत नव्हती. आणि सगळा खटाटोप ती हाताला लागावी म्हणूनच तर केला होता!

हिंगोलीला माझा छोटा प्रेस. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, येईल ते छापायचो. जिल्हा होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. कळमनुरीच्या ज्योतीताई केसांचं तेल करायच्या, त्यांची लेबलं माझ्याकडे असत. एक दिवस त्यांनी दोन बाटल्या आणून काउंटरवर आदळल्या.

"जय भीम, भाऊ. यातली माझी कोणती, सांगा."

मला सांगता येईना. कुणीतरी त्यांच्या लेबलची हुबेहूब नक्कल केली होती. त्या भलत्या तेलानं बायकांचे केस गळत होते आणि शिव्या ताईंना बसत होत्या.

"माझ्या लई गिऱ्हाइकाईला वाचता येत न्हाई. हात लावला की कळलं पायजे, असं काई करा. न्हाई तर हा धंदा बंदच करते."

मी म्हटलं, एम्बॉसिंग करू. म्हणजे कागदाला उठाव द्यायचा. पितळेच्या ब्लॉकमध्ये वेणी खोल कोरायची, समोर तशीच उंच वेणी पुठ्ठ्याची बसवायची. मधे लेबल ठेवून मशीननं दाबलं की कागद तेवढाच वर येतो. ब्लॉक औरंगाबादहून करून आणला, कागद जाड घेतला. पहिल्या लेबलवरून डोळे मिटून बोट फिरवलं, तर वेणीचा पेड न् पेड लागत होता. मी इतका खूश झालो की शेजारच्या चहावाल्यालाही चाचपायला लावलं.

आणि आता ताईंच्या घरी ही सपाट वेणी! महाशिवरात्रीची औंढ्याची जत्रा तोंडावर आलेली. मी तसाच मागच्या पडवीत गेलो. तिथं तांड्यावरच्या गोमाबाई लेबलं चिकटवत होत्या. खळ लावायची, लेबल बाटलीवर बसवायचं आणि वाटीच्या बुडानं असं रगडायचं की विचारू नका.

"मावशी, काहून रगडून राहिल्या?"

"लेबल फुगून राहिले ना, भाऊ! ताई म्हणते, सुरकुती दिसली न्हाई पायजे. हात भरून आले, पण एक बी फुगा ठेवला न्हाई."

माझ्या मागोमाग आलेल्या ताई कपाळाला हात लावून खाली बसल्या. मला मात्र हसू आवरेना. बाईंचं काम चोख होतं. हा फुगा मुद्दाम केलाय, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

स्कूटरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आणला, मधे वेणीएवढी खिडकी कापली. आता भोवतीनं दाबायचं, वेणीला धक्का लावायचा नाही. खळही फक्त कडांना, कारण कागद भिजला की उठाव खाली बसतो. गोमाबाईंनी एक बाटली करून चाचपली आणि खुदकन हसल्या.

"आन् या सपाट झालेल्या?" मी विचारलं.

"त्या बी इकू. तेल तेच हाय ना," ताई म्हणाल्या.

जत्रेत ताई घसा बसेपर्यंत ओरडत होत्या, "वेणी हाताला लागली तरच माझं तेल!" बायका बाटली उचलायच्या, अंगठा फिरवायच्या, शेजारणीलाही चाचपायला सांगायच्या. मला फार बरं वाटत होतं. तेवढ्यात सेनगावकडच्या एका म्हातारीनं बाटली चाचपून परत ठेवली.

"ही तुमची न्हाई."

"माझीच हाय, आजी. म्या सोता भरली."

"तुमीच तर वरडून राहिल्या, वेणी लागली तर खरी. ही सपाट हाय. नकली माल ठेवता व्हय?"

ताईंनी झाकण उघडून वास घ्यायला लावला, लेकराची शपथ घेतली. म्हातारी हटली नाही. तिनं उठावाची बाटली शोधून घेतली आणि जाताना मागच्या बायकांना बजावलं, "चाचपून घ्या गं, इथं बी नकली हायेत!"

ताई माझ्याकडे वळल्या. डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू.

"भाऊ, आता मला भ्या न्हाई. ती माझंच ऐकंना, त्या चोराचं काय ऐकल?"

सपाट बाटल्या शेवटी आमच्या दोन्ही घरांनी डोक्याला लावून संपवल्या. एम्बॉसिंग चांगलं जमलं की ते मालकाचीसुद्धा भीड ठेवत नाही.