डोली खाली टेकवणारी हौसा

धापा टाकणारं माणूस दिसलं की आमच्या हौसाला राहवत नसे. आंदर मावळातली आमची वाडी चढावर, त्यामुळे येणारा प्रत्येकजण धापा टाकतच यायचा. ही दारातून ओरडायची, "आदी सोडा! वापरल्याली हवा भायेर काढा, मंग नवी शिरंल!" पाहुण्याला पाणी त्यानंतर. हौसा माझी बायको. चौथी शिकलेली, मी त्याहून कमी.

हे वेड मुलीच्या शाळेच्या पुस्तकातून लागलं. मुलगी मोठ्यानं वाचायची, ही भाकरी थापत ऐकायची. एकदा मला म्हणाली, "नुसती भाकर खाऊन जोर येत न्हाई. हवा रगतातनं पार पायाच्या मांसात जाती, तितं खाल्लेलं हळूहळू जळतं, तवा जोर निगतो."

"हवा छातीत जाती. पायात कशी जाईल?"

"का? पाय काय शेजाऱ्याचं हायेत?"

मी हसलो. गाढव होतो.

मग शेजारच्या सुमनला कळा सुरू झाल्या. दरड पडून रस्ता बंद, दवाखान्याची गाडी खिंडीपलीकडे उभी. बांबूला कांबळं बांधून डोली केली आणि आम्ही चौघं ती खांद्यावर घेऊन पळत सुटलो. आमच्याकडे जित्या माणसाची डोली वाटेत टेकवत नाहीत, टेकवतात ती तिरडी. म्हणून दात आवळून, श्वास कोंडून पळायचं. अर्ध्या चढावर माझ्या मांड्या पेटल्या, डोली कलली, सुमन किंचाळली.

हौसा वाटेत आडवी उभी राहिली. "टेकवा खाली!"

"येडी झाली का? अपशकुन हुईल!" मी ओरडलो.

"आन् दरीत टाकली तर त्यो शकुन व्हय? हवा पुरंना म्हणून पाय पेटल्यात. टेकवा म्हन्ते ना!"

टेकवली. सुमनची सासू रडायला लागली. हौसा आमच्याकडे वळली, "सोडा... लांब सोडा... आता घ्या." सुमनचा हात धरून तिलाही तेच. आणि काय सांगू! पायांतली आग उतरली, जोर परत आला. माझ्याच पायांत, नुसत्या हवेनं! मग चार पावलं श्वास आत, चार पावलं बाहेर, चौघं एका तालात. आणखी दोनदा टेकवली. गाडीत चढवली आणि पोरगी तिथंच झाली. रडली! हौसा चिखलात नाचली, खरंच नाचली. "बगा, पोरीनं पयलं काम काय केलं? हवा घेतली!"

त्याला बरीच वर्षं झाली. या थंडीत एका सकाळी हौसाच्या छातीत कळ आली. एका हाकेत डोली दारात आली. चौघं पोरं लांब श्वास घेत उभी, तिनंच शिकवलेली. मी तिला उचलायला वाकलो, नाकाजवळ हात धरला. हाताला काहीच लागलं नाही.

बाहेरून एकानं विचारलं, "आबा, उचलायची ना?"

मी म्हणालो, "सावकाश या. घाई न्हाई आता."