मार्थाबाई गायच्या तेव्हा

आमच्या चर्चमधल्या मार्थाबाईंना आज पुरलं. कुणाचीही पेटी खड्ड्यात उतरली की त्या पदर खोचून गायला लागायच्या आणि मातीची शेवटची मूठ पडेपर्यंत थांबायच्या नाहीत. पुढे उपासनेत गिटारवाली पोरं आली आणि बाई फक्त कबरस्तानापुरत्या उरल्या. मग घशाच्या आजारानं तेही गेलं.

आज पेटी उतरल्यावर पाळकसाहेब म्हणाले, "कुणीतरी गाणं धरा ना." सवयीनं आम्ही सगळ्यांनी कडुनिंबाखाली पाहिलं. बाईंच्या उभं राहायच्या जागेवर नुसता पाचोळा होता.

शेवटी गप्पच मुठी भरल्या. पेटीवर माती पडताना एवढा आवाज होतो, हे मला ठाऊकच नव्हतं. आईच्या वेळी तो बाईंनी ऐकूच येऊ दिला नव्हता.