अणुबॉम्बला मुभा, वाळवीला अभय

विषय क्रमांक तीन सुरू होऊन दोन तास झाले, तरी जगाने अणुबॉम्ब वापरावा की नाही हे ठरत नव्हतं. विषय क्रमांक चार माझा होता. वाळवी.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. ठाण्यातल्या एका वाचनालयात मी ग्रंथपाल होतो. संदर्भ विभागाच्या, म्हणजे जिथली पुस्तकं तिथेच बसून वाचायची त्या विभागाच्या, कपाटाला वाळवी लागली होती. त्यात बाळकुमच्या पाटील गुरुजींच्या दोन वह्या होत्या. त्यांची आई धवलारीण, लग्नात धवले गाणारी. ती गेली. तिची गाणी गुरुजींनी उतरून घेतली होती, तेवढीच उरली. दुसरी प्रत नव्हती. घर गळतं म्हणून त्यांनी वह्या विश्वासाने आमच्याकडे दिल्या होत्या.

डीडीटीचा डबा मी आणून टेबलाच्या खणात ठेवला होता. पण औषध मारायला किंवा वह्या हलवायला कमिटीची मंजुरी लागायची. गुरुजी सकाळपासून बाहेर बाकावर बसून होते.

आत अध्यक्ष नानासाहेब, पेशाने वकील, ठराव वाचत होते. 'कोणत्याही राष्ट्राने अणुबॉम्ब कधीही वापरू नये.'

"कधीही?" सेक्रेटरी डॉक्टर म्हणाले. "उद्या वेळ आली तर?"

"कसली वेळ?"

"ते आत्ता कसं सांगणार? पण आपण हात बांधून घेऊ नयेत."

"अहो, गावंच्या गावं भाजून निघतील!"

"म्हणूनच म्हणतो, उपसमिती नेमू."

मी हळूच म्हणालो, "साहेब, ते वाळवीचं..."

"लेले, इथे जगाचा प्रश्न चाललाय!"

आमच्या प्रत्येक ठरावाला एक शेपूट असायचं. 'अपवादात्मक परिस्थितीत अध्यक्षांच्या लेखी पूर्वपरवानगीने.' सतरंजी बाहेर द्यायची असली तरी तेच. सवयीने ते इथेही चिकटलं. अणुबॉम्ब कधीही वापरू नये, आणि वापरायचाच तर नानासाहेबांना विचारून वापरावा, असं एकमताने ठरलं. टाळ्या झाल्या. एवढा भार डोक्यावर घेऊनही नानासाहेबांनी चार भजी खाल्ली.

माझ्या विषयाला दोन मिनिटं पुरली.

"डीडीटी? विष ना ते?" नानासाहेब दचकले. "वाचकांना बाधलं तर? घाई नको."

"अपवादात्मक परिस्थिती म्हणून, आपल्या परवानगीने?"

"ते ठराव झाल्यावर, लेले. इथे ठरावच कुठे झालाय? पुढच्या सभेत बघू."

बाहेर गुरुजी उठून उभे राहिले. "झालं का, लेलेसाहेब?"

"पुढच्या महिन्यात."

"तोवर वाळवी थांबेल?"

पुढच्या सभेला पुरेसे सदस्य आले नाहीत. त्यानंतरच्या सभेत मंजुरी मिळाली आणि मी कपाट उघडलं. वह्यांचे पुठ्ठे शाबूत होते. आत माती होती.

गुरुजींनी ती वर्तमानपत्रावर झाडली. मग उभ्याउभ्याच पहिला धवला म्हणायला लागले. चार ओळी झाल्या आणि ते थांबले.

"पुढचं वहीत होतं," ते म्हणाले.

मला स्वतःची लाज वाटली, अजून वाटते. डबा माझ्या खणात होता, खणाची किल्ली माझ्या खिशात. फवारला असता तर फार तर मेमो मिळाला असता. अणुबॉम्बचा ठराव मात्र लोखंडी कपाटात ठेवला होता. त्याला ओरखडासुद्धा नव्हता.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी औषध आधी मारलं आणि परवानगी नंतर मागितली. एकदाही कुणी नाही म्हटलं नाही.