जोहोरपर्यंतचं सीमोल्लंघन

सिंगापुरात लांब पल्ल्याची सायकलसफर करायची म्हटलं की लोक आधी हसतात. जरा जोरात पायडल मारलंत तर समुद्रात पडाल, म्हणतात. तरी दसऱ्याच्या सकाळी मी आणि माझा नवरा श्रीरंग बेडोकहून निघालो. तो मरीन इंजिनियर, सगळे समुद्र पालथे घातलेला. मी समुद्र ओलांडला तो विमानात बसून. पन्नाशीत सायकल शिकले ती एकाच हट्टापायी, एकदा तरी स्वतःच्या पायांनी समुद्र ओलांडायचा. दुसऱ्या दिवशी श्रीरंग जहाजावर जाणार होता. आज जमलं नाही तर वर्षभर नाही.

वाट मी निवडली होती. इंग्रजांनी मुंबई इलाख्यातलेही कैदी बेड्या घालून इथे आणले आणि त्यांच्याकडून रस्ते करून घेतले. कागदावर कैदी, राबवलं मात्र गुलामांसारखं. काही जण जंगलातून उत्तरेला, सामुद्रधुनीपलीकडच्या जोहोरकडे पळाले म्हणतात. नेमकी वाट कुणालाच ठाऊक नाही. त्यांचा तुरुंग होता त्या ब्रास बसाहपासून आम्ही आपला बुकित तिमाहचा रस्ता धरला. त्यांना वाघांची भीती होती, आम्हाला डबलडेकर बसची.

वाटेत हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत कोपी (घट्ट गोड दुधाची कडक कॉफी) घेतली. कोपीवाल्या आजोबांनी कुठे निघालात विचारलं, तेव्हा मी कैद्यांची सगळी कहाणी ऐकवली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली.

“बस गॉट, आंटी. डायरेक्ट गो जोहोर, लाह.”

वुडलँड्सच्या सरहद्दीवरच्या नाक्याआधी पिशवीत हात घातला. दशम्या होत्या, पासपोर्ट नव्हता. आदल्या दिवशी खंडेनवमीला श्रीरंगने पाने-पकडी पूजेला मांडल्या, तेव्हा माझं हत्यार म्हणून मी ऐटीत पासपोर्ट मांडला होता. तो अजून देव्हाऱ्यापुढे झेंडू डोक्यावर घेऊन बसला होता. मला तिथेच रडू आलं.

श्रीरंग तो आणायला एमआरटीच्या ट्रेनने घरी गेला. मी दोन सायकली सांभाळत बसले. नवऱ्याची वाट बघण्याचा अनुभव दांडगा आहे. बऱ्याच वेळाने फोन आला. वादळात इंजिन चालू ठेवणारा हा माणूस दबक्या आवाजात विचारत होता, “अगं, पूजेतला आहे. उचलू का?”

“अक्षता टाक, नमस्कार कर आणि उचल.”

पलीकडच्या नाक्यावर पासपोर्ट उघडताना अधिकाऱ्याच्या अंगठ्याला कुंकू लागलं. त्याने अंगठा निरखला, मग शिक्का मारला. सामुद्रधुनीवरचा पूल दहा मिनिटांतच संपला होता, पण पायडल मी मारलं होतं. जोहोरच्या काठावर दशमी खाताना मागे पाहिलं. पळालेल्यांपैकी कुणी पोचला असेल, तरी त्याचं घर काळ्या पाण्यापलीकडेच राहिलं.

संध्याकाळी दारात पोचल्यावर श्रीरंग म्हणाला, “तू बाहेरच थांब.” आत भांडी पडल्याचा आवाज आला. मग तो तबक घेऊन आला, निरांजन वाकडं, वात तुपात बुडालेली. इतकी वर्षं तो सफरीवरून आला की मी ओवाळायचे. त्याने मला उलट्या बाजूने ओवाळलं. मी चूक काढली नाही. त्या कैद्यांच्या घरी कुणीतरी असंच निरांजन लावून ठेवलं असेल, आणि रोज तूप संपेपर्यंत दाराकडे पाहिलं असेल.