दोन डबे आणि एक कुंपण

ती तक्रार अजून माझ्या कानात वाजते. कानात म्हणतो, कारण त्या प्रकरणात माझ्या डोळ्यांपेक्षा कानांनीच जास्त चाकरी केली.

मालवणच्या किनाऱ्यावरील एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. आमच्याकडचे गुन्हे ठरलेले. कोणी कोणाचे जाळे कापले, गोव्याची दारू मासळीखाली लपवून नेली, पर्यटकाने मोबाइल समुद्रात पाडला आणि आता चोरीची तक्रार घ्या म्हणून हटून बसला. एका सकाळी हजेरी चालू असताना होड्यांची इंजिने दुरुस्त करणारा एक गृहस्थ आत आला. हाताला वंगण, डोळे लाल.

"साहेब, माझी पोरां नेली!"

ठाणे अंमलदार ताडकन उभा राहिला. हवालदाराने टोपी चढवली. मी खुर्चीतून अर्धा उठून विचारले, "मुलगे की मुली? कोणावर संशय?"

"तसली पोरां न्हय, साहेब. कबुतरां. शर्यतीची."

सगळे ठाणे हळूहळू खाली बसले. हवालदार भिंतीकडे तोंड करून खोकू लागला. त्या खोकल्यात हसू होते, आणि खरे सांगतो, माझ्याही मिशीत होते. पुढे ते कुठे गेले ते सांगतोच.

शर्यतीच्या कबुतराचे शिक्षण म्हणजे घरी परतण्याचे शिक्षण. पिल्लू ढाबळीतून, म्हणजे कबुतरांच्या घरातून, उपाशीपोटी उडवायचे. ते घिरट्या घालून दमले की दाण्याचा पत्र्याचा डबा वाजवायचा. डबा वाजला की घर, घर म्हणजे दाणा, एवढे त्याच्या डोक्यात बसले की त्याला दूर दूर नेऊन सोडायचे. आज कट्टा, मग कसाल, कणकवली, तळेरे. हंगाम आला की घाटापलीकडून सोडतात आणि ज्याचे पाखरू आधी ढाबळीत शिरेल तो जिंकतो. शिरेल, हे महत्त्वाचे. छपरावर येऊन बसले तर ते पोचलेच नाही असे धरतात.

हा गृहस्थ कोल्हापूरला मासळी नेणाऱ्या टेम्पोत पाखरांची टोपली द्यायचा. चालक ठरल्या जागी थांबून टोपली उघडायचा. पण प्रत्येक फेरीला काही पिल्ले परतत नव्हती, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे नेमकी चांगलीच परतत नव्हती.

साहजिकच मी चालकाला बोलावले. चौकशीचे माझे एक तंत्र होते. समोरच्याला बसवायचे, चहा द्यायचा आणि आपण कागद चाळत राहायचे. शांतता माणसाला नको ते बोलायला लावते. हा मात्र पहिल्या घोटालाच सुरू झाला.

"साहेब, माझ्या टेम्पोत बांगडो आसा, सुरमय आसा, सुंगटां आसत. इतक्या सोडून मी कबुतर कित्याक खाऊ?"

"खाल्लेस असे कोण म्हणाले? विकले असशील."

"कोणाक? ज्याका इकीन, त्याच्या हातातना सुटला की ता परत ह्याच्याच घराक येतला! असलो माल इकणारो चोर तुमी खंय बघितलास?"

हवालदार पुन्हा खोकला. मी कागद खाली ठेवले. मुद्दा बिनतोड होता. चालकाला सोडून दिले, जाताना तो दारातून म्हणाला, "चाय बरी होती, साहेब."

खबर आली ती मात्र आकाशातूनच म्हणा ना. माडावर चढून नारळ पाडणारा एक जण बाजारात माझ्या जीपशी घुटमळला. "माझा नाव खंय येता नये, साहेब. दोगांचेय माड माझ्याकडे आसत." मग सांगितले की शेंड्यावर असताना त्याने पाखरांचा थवा येताना पाहिला होता. सगळी पाखरे गावापर्यंत येत होती. खाली उतरताना मात्र थवा फुटायचा. अर्धी एका बाजूला, अर्धी दुसऱ्या. झावळांमुळे पुढचे दिसत नव्हते.

"दोघांचे म्हणजे कोणाचे?" मी विचारले.

"तुमका म्हायत नाय? त्याचो धाकटो भाव कुंपणापलीकडे ऱ्हवता."

तक्रारीत भावाचा उल्लेख नव्हता. जबाबात नव्हता. संशयितांतही नव्हता. जो माणूस टेम्पोवाल्यावर, शेजारच्या गावावर, पार ससाण्यावरसुद्धा संशय घेतो, तो कुंपणापलीकडच्या माणसाचे नाव घेत नाही, तेव्हा पोलिसाने कान टवकारावेत.

मी पुन्हा टोपली पाठवली. टेम्पोत साध्या कपड्यांतला शिपाई बसवला. मी थोरल्याच्या, म्हणजे फिर्यादीच्या, पडवीत बसलो आणि त्याला बजावले, "आज तुम्ही डबा वाजवायचा नाही." तळेऱ्याहून शिपायाचा फोन आला, सोडली. आम्ही वाट पाहू लागलो. पोफळीच्या बागेत पंप चालू होता, तो मी बंद करवला.

पाखरे आली. छपरावर दोन घिरट्या घातल्या. आणि मग कुंपणापलीकडून डबा वाजला. तीन टिचक्या, एक खळखळाट. पुन्हा तीन टिचक्या, एक खळखळाट. थवा फुटला.

मी थोरल्याकडे पाहिले. मला वाटले, तो उसळून उठेल. तो जमिनीकडे पाहत होता. चेहऱ्यावर आश्चर्याचा लवलेश नव्हता. याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

"हा डबा कोणाचा?" मी विचारले.

तो म्हणाला, "बापाशीचो."

वाटणी झाली तेव्हा ढाबळ थोरल्याच्या वाट्याला गेली आणि वडिलांचा डबा धाकट्याने उचलला. थोरल्याने नवा आणला. पण लहानपणी दोघांनी मिळूनच पाखरे शिकवलेली, हात दोघांचाही तसाच. थोरला इकडे डबा वाजवायचा तेव्हा धाकटा तिकडे वाजवायचा. कोवळ्या पिल्लांनी पहिल्यापासून दोन्ही आवाज ऐकले आणि दोन्ही छपरे आपलीच मानली. पाखरांना वाटणीपत्र कोण वाचून दाखवणार?

पंच घेऊन मी धाकट्याकडे गेलो. त्याचे पर्यटकांसाठी घरगुती निवास होते. बंद ठेवलेली एक खोली उघडायला लावली. आत वातानुकूलन यंत्र, रंगीत फरशी, मऊ गादी आणि त्यावर थाटात बसलेली कबुतरे. माझ्या कोठडीत आरोपीला पंखा नव्हता, आणि इथे मुद्देमालाची अशी बडदास्त! पंच हसू दाबत होते. मी पंचनामा सांगू लागलो आणि धाकटा बोलला. मी काही विचारलेच नव्हते.

"साहेब, माका पाखरां नको होती. ती मागूक तरी दादा माझ्या दारात येतलो, असा वाटला. एकदा येयत, चार शिव्या घालीत. आमची आये गेल्यापासून तो माझ्याशी बोलूक नाय." मग आमच्या मागून येऊन कुंपणाशी थांबलेल्या थोरल्याकडे हात केला. "इलो. पण तुमका घेवन इलो."

त्यानंतर कोणी हसले नाही.

थोरल्याने पाखरे ताब्यात घेतली, सही केली, मान वर केली नाही. गुन्हा आपसात मिटवायला तयार झाला, पण एका अटीवर: धाकट्याने यापुढे डबा वाजवणार नाही असे पंचांसमोर लिहून द्यावे. "अहो, डब्याचे काय एवढे?" मी म्हणालो. तो म्हणाला, "लिवन होया." धाकट्याने लिहून दिले.

शर्यतीच्या दिवशी मी गणवेश न घालता तिथे गेलो. काय शेवट होतो ते बघायची हौस, दुसरे काय! थोरला अंगणात डबा घेऊन उभा. धाकटा आपल्या पडवीत, मांडीवर वडिलांचा डबा, झाकणावर तळवा दाबून ठेवलेला. मध्ये कुंपण. कुंपणाच्या टोकाला मी, आणि माडावर, अर्थातच, तो माझा खबरी.

त्यानेच वरून आरोळी दिली, "इला रे!" सगळ्यांत आधी, एकटेच, घाटाकडून एक निळसर पाखरू आले. त्याच्या मागे आकाश रिकामे होते. थोरल्याने डबा वाजवला. पाखरू ढाबळीच्या फळीपर्यंत उतरले, पाय टेकता टेकता उडाले आणि धाकट्याच्या छपरावर घिरट्या घालू लागले. तिकडून आवाज नाही. परत इकडे आले. एकच डबा वाजत होता आणि त्याला अर्धेच घर सापडत होते.

"दादा," धाकट्याने हाक मारली. इतक्या दिवसांतली पहिली. "दादा, वाजवू काय?"

थोरल्याचा हात थांबला. फक्त 'वाजय' म्हणायचे होते. मी नोकरीत भल्याभल्यांना बोलते केले आहे. दरोडेखोराने माझ्यासमोर बसून साथीदारांची नावे दिली आहेत. तिथे मला एकच शब्द हवा होता, आणि तो माझ्या हातात नव्हता.

थोरला माझ्याकडे वळला. "साहेब, त्याका सांगा, लिवन दिलेला आसा."

सांगायची गरजच नव्हती. धाकट्याने ऐकले होतेच. पाखराने आणखी काही घिरट्या घातल्या, प्रत्येक आधीपेक्षा मोठी, आणि मग ते किनारा ओलांडून समुद्रावर गेले. माडावरचा माणूस हात कपाळावर धरून कितीतरी वेळ बघत राहिला आणि खाली उतरला.

लोक विचारतात, या प्रकरणातून काय शिकलात? गुन्हा उघडकीला आणणे सोपे असते, एवढेच. फिर्यादी मिळाला, आरोपी मिळाला, मुद्देमाल मिळाला, कागदावर सारे चोख. वरिष्ठांनी शेरा मारला, 'तपास उत्तम'. तो शेरा वाचून मला जेवण गेले नाही.

शर्यतीच्याच संध्याकाळी धाकट्याने वडिलांचा डबा कुंपणाच्या दगडी गडग्यावर, बरोबर मध्ये आणून ठेवला. गस्तीवर असताना मी मुद्दाम त्या वाटेने जीप घ्यायचो. थोरल्याने तो उचलला नाही, धाकट्याने परत नेला नाही. खाऱ्या वाऱ्याने पत्रा गंजत गेला. माझी बदली झाली तेव्हा त्याचा तळ गळून पडला होता, आणि आतला दाणा चिमण्या खात होत्या.