झेंडू बांधलेली लाल गाडी

"खोकते," डॉक्टर म्हणाले.

"केव्हा?"

"पळताना. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवला की आधी खोकते, मग दमच सोडते."

मी एका स्कूटरखाली अर्धा आडवा होतो. तिथूनच विचारलं, "आणि हळू चालवली तर?"

"हळू चालवायची असती तर तुमच्याकडं आलो नसतो, सुधाकरभाऊ."

अमरावतीच्या राजापेठेतल्या माझ्या गॅरेजसमोर उभी असलेली ती लाल गाडी अख्ख्या जिल्ह्यात एकच होती. डॉक्टरांच्या मेहुण्यानं आखातातली नोकरी सोडताना बोटीनं आणलेली. परदेशी, पेट्रोलवरची, टर्बो बसवलेली. मॉडेल इतकं जुनं, की शौकीन लोक तिला क्लासिक म्हणायचे. माझी बायको भंगार म्हणायची. पण तो शब्द ती माझ्यासाठीही वापरते, म्हणून मी तो मनावर घेत नाही.

डॉक्टरांचा दवाखाना अंजनगाव सुर्जीला. ती वर्षं वाईट होती. कपाशीवर अळी, अळीवर औषध, आणि ते औषध माणसांच्या पोटात. कुणी स्वतःहून घ्यायचं. कुणी दुसऱ्याच्या वावरात मजुरीनं फवारत असायचं आणि वारा फिरला की नाकातोंडानं ओढायचं. डॉक्टर पहिला उपचार करून पेशंटला अमरावतीच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवायचे. ॲम्ब्युलन्स एकच, आणि ती बहुतेकदा दुसऱ्या कुठल्या तरी गावाला गेलेली. मग पेशंट या गाडीच्या मागच्या सीटवर, आणि डॉक्टर स्टिअरिंगवर.

"खोकली तेव्हा मागं कुणी होतं?"

"होतं."

"वाचला?"

"तो वाचला. पुढचा तेवढा चिवट असेलच असं नाही."

मी स्कूटरखालून बाहेर आलो.

टर्बो म्हणजे काय, ते सोप्यात सांगतो. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक छोटा पंखा फिरवतो, आणि त्या जोरावर इंजिनात जास्तीची हवा कोंबली जाते. हवा जास्त आली की पेट्रोलही त्या मापात जास्त लागतं. ते कमी पडलं तर इंजिन आतून इतकं तापतं, की पिस्टनला भोक पडतं. गॅसवर दूध ठेवून विसरावं तसं. आधी आवाज नाही, मग एकदम वास.

या गाडीचा पंप म्हातारा झाला होता. साध्या चालीला पुरायचा, लांब दौडीला नाही. त्यात टाकी चपटी आणि रुंद. पेट्रोल थोडं उरलं की वळणावर ते एका कोपऱ्यात पळायचं आणि पंप नुसती हवा ओढायचा. परातीत पाणी घेऊन घरभर फिरून पाहा, कळेल. मी बायकोला समजावताना फिरलो होतो. फरशी नंतर मीच पुसली.

दोन्ही बदलायचं ठरलं. नवी टाकी, तिच्या आत भोकं पाडलेले पत्र्याचे पडदे, म्हणजे पेट्रोल सैरावैरा धावणार नाही. तळाशी एक वाडगा. त्याला आम्ही पॉट म्हणतो. गाडी कशीही कलली तरी पॉटात पेट्रोल राहतं. त्यात बुडवलेला मोठा इलेक्ट्रिक पंप, आणि उरलेलं पेट्रोल टाकीत परत आणणारी वेगळी नळी.

टाकी बनवायला अकोल्याला सलीमभाईंकडं गेलो. ते ट्रकच्या डिझेल टाक्या बनवतात आणि हात चालू असताना तोंड कधी बंद ठेवत नाहीत.

"इतना बडा पंप? डॉक्टरसाहेब शर्यत लगा रहे क्या?"

"असंच समजा."

"किससे?"

मी सांगितलं. सलीमभाईंनी हातोडी खाली ठेवली. मग पत्रा उलटा करून म्हणाले, "पडदे दोन्ही बाजूनं वेल्ड करतो मंग. एखादा सुटून पॉटावर पडला तर सब बेकार."

टाकी बसली, पंप बसला. आता टेस्ट. जॅकवर गाडी चढवून इंजिन कितीही ओरडायला लावलं तरी त्यावर भार नसतो, त्यामुळे काहीच कळत नाही. लांब, मोकळा रस्ता लागतो आणि पाय तळाला टेकवून ठेवावा लागतो. पेट्रोलचं प्रेशर दाखवणारं मीटर मी पुढच्या काचेवर बाहेरून चिकटवलं, कारण पेट्रोलची नळी आत घ्यायची नसते. डॉक्टर चालवणार, मी काटा पाहणार. अंजनगावहून अमरावतीच्या रस्त्याला लागलो.

काटा हलला नाही. गाडी खोकली नाही. मी हरखून दरवाजावर थाप मारली.

मग माझ्या लक्षात आलं, की समोरच्या बैलबंड्या आम्ही हॉर्न देण्याआधीच रस्त्याखाली उतरताहेत. सायकलवाले उतरून उभे. एका वस्तीजवळ बाया दारात आल्या होत्या. एकीनं पदर तोंडाशी धरला होता.

"हे काय?" मी विचारलं.

डॉक्टरांनी पाय उचलला. "ही गाडी पळाली म्हणजे मागं कुणीतरी आहे, असं समजतात." मग गिअर उतरवत, "माझ्या डोक्यातच आलं नाही."

परत येताना वाटेतल्या एका फाट्यावर एक बाई रस्त्याच्या मधोमध उभी. गोदाबाई. तिथंच फुलं विकायची. मळा छोटा, झेंडू स्वतःचा. नवरा फवारणीच्या मजुरीला जायचा. तिच्या पायात चप्पल नव्हती, पिंढऱ्यांपर्यंत चिखल.

"कोन होतं गाडीत?"

"कुणी नाही, गोदाबाई. टेस्ट घेत होतो," डॉक्टर म्हणाले.

"कोनीच नोयतं?"

"नाही."

"वावरापावतर धावत गेली मी, डाक्टरसाहेब! थो मानूस पाठीवर पंप घेऊन उभा, मलेच इचारते, काहून आली म्हून. इकडं माही टोपली बकरीनं खाल्ली." तिचा आवाज चढला. "तुमची गाडी धावली का आमच्या चुली इझते. ठाऊक हाय का तुमाले?"

डॉक्टर खाली उतरले. हात जोडले. मीही उतरून मीटर पुसत राहिलो. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"अजून एकदा पळवावी लागेल," मी चाचरत म्हणालो. "टाकी अर्ध्याहून खाली आणून पाहायची आहे. खोकायची ती तेव्हाच."

गोदाबाईनं माझ्याकडं पाहिलं. "हा कोन?"

"मेकॅनिक."

"दिसतेच." मग म्हणाली, "पळवा. पन काही खून लावा गाडीले. लोकायले समजलं पाहिजे का हे उगाच धावून राहिले म्हून."

खूण तिनंच लावली. दसरा नुकताच झाला होता, झेंडू उरला होता. दुसऱ्या टेस्टच्या दिवशी फाट्यावर गाडी थांबवून तिनं बॉनेटभर माळा बांधल्या. मीटर झाकू नका म्हटलं तर म्हणाली, "तुमचं घड्याळ ठेवलं जी मोकळं." लाल गाडी, पिवळा झेंडू. अगदी नवरदेवाची गाडी. आरशात पाहून मी केस सारखे केले. केस फारसे नव्हतेच.

आणि खरंच, त्या दिवशी कुणी घाबरलं नाही. अमरावतीच्या दिशेनं गेलो, पोरांनी हात हलवले. परत आलो, फाट्यावर गोदाबाईही हसली. टाकी निम्म्याच्या खाली, काटा जागच्या जागी. काम फत्ते.

अंजनगाव दिसायला लागलं, तेव्हा एका वावराच्या धुऱ्यावरून, बांधावरून, दोन माणसं हात करत रस्त्यावर आली. त्यांनाही वरातच वाटली असणार, पण त्यांना कुठलीही गाडी चालली असती. मागं झाडाखाली एक उंच, तरुण माणूस पडला होता. शेजारी फवारणीचा पंप. सकाळपासून फवारत होता. तोंडाला फेस होता.

डॉक्टरांची बॅग गाडीतच असायची. त्यांनी तिथंच इंजेक्शन दिलं आणि त्याला मागच्या सीटवर घेतलं. ते त्याच्यापाशी गुडघ्यावर बसले. उंचीमुळं त्याचे पाय मुडपून वर, काचेला टेकले.

"सुधाकरभाऊ, तुम्ही चालवा. अमरावती."

मी गाडी वळवली. पाय तळाला टेकवला. गाडी अशी निघाली, की मीच घाबरलो.

झेंडूचा विचार दोघांच्याही मनात आला नाही.

रस्त्यावर कुणी बाजूला होईना. सायकलवाले वळून हसायचे आणि तसेच मधून चालायचे. मी हॉर्नवरून हात काढला नाही. वरातीच्या गाड्याही हॉर्न वाजवतातच. फाट्यावर कापसाच्या बंड्या जिनिंग मिलकडं वळत होत्या, रस्ता पूर्ण अडलेला. मला ब्रेक लावावा लागला.

टोपलीमागून गोदाबाई बंडीवाल्यांना ओरडून सांगत होती, "राहू द्या जी, राहू द्या! थे खेळून राहिले. तिसरा फेरा हाय त्यायचा."

मी खिडकीतून बाहेर वाकलो. "बाजूला घ्या! पेशंट आहे!"

पहिल्या बंडीवरचा माणूस दात काढून म्हणाला, "नवरदेव म्हंजे पेशंटच असते, बाप्पा! दमानं घ्या, नवरी काही पळून जात नाही."

बाकीचे हसले. गोदाबाई हसत हसतच गाडीजवळ आली. मला काहीतरी टोमणा मारायला वाकली, आणि तिला मागच्या काचेला टेकलेले अनवाणी पाय दिसले.

तिनं ते पाय पाहिले. निरखून पाहिले. नवऱ्याचे नव्हते.

मग तिनं बॉनेटवरच्या माळा दोन्ही हातांनी ओढून तोडल्या. "सरका रे! सरका! मानूस हाय आत!" बैलाच्या शिंगाला धरून तिनं पहिली बंडी स्वतः रस्त्याखाली ओढली. हसणारा माणूस उडी मारून दुसऱ्या बंडीकडं धावला. रस्ता मोकळा झाला.

पुढं कुणी अडवलं नाही. फुलं नसलेली लाल गाडी पाहून सगळे आधीच उतरत होते. काटा शेवटपर्यंत तसूभर हलला नाही. आयुष्यात मी केलेलं सगळ्यात नीट काम ते. ते पाहायला सवड फक्त मलाच होती, आणि मला पाहावंसं वाटत नव्हतं.

तो दुसऱ्या दिवशी गेला.

डॉक्टर गाडी धुवायला गॅरेजवर आले. मागची सीट मी काढून उन्हात ठेवली. पाण्याचा पाइप सोडत विचारलं, "फाट्यावर थांबलो, त्यानं फरक पडला का?"

"माहीत नाही."

"खरं सांगा, डॉक्टर."

"खरंच सांगतोय. माहीत नाही. आणि कुणाला कधी कळणारही नाही."

बॉनेटच्या फटीत झेंडूची एक पाकळी अडकली होती. मी ती स्क्रू-ड्रायव्हरनं काढली.

गोदाबाई अजून फाट्यावर बसते. देवाला फुलं देते, मयताला देते. गाडीला बांधायची म्हटली तर "दुसरीकडून घ्या" म्हणते. आणि नवरदेवाची गाडी हॉर्न वाजवत गेली, की टोपली सोडून उभी राहते आणि मागच्या काचेकडं पाहते.

ती लाल गाडी पुढं कधी खोकली नाही. पेशंट नेताना लोक आजही आधीच बाजूला होतात. टेस्ट घ्यायची वेळ आली, की मी तिला अकोल्याकडं नेतो. तिकडच्या रस्त्यावर तिला कुणी ओळखत नाही.