टॉप मॉडेलचं मीटर

पिकअपच्या स्टँडवर भाडं येईपर्यंत काम एकच, दुसऱ्याच्या गाडीत डोकावणं. पांढरकवड्याच्या आमच्या स्टँडवर सहा गाड्या उभ्या असतात, म्हणून किस्स्यांना तोटा नाही. पण गेलं वर्षभर सगळे किस्से एकाच गाडीतून निघतायत, आणि ती गाडी माझी नाही. हे मला खुपतं, आधीच सांगून टाकतो!

प्रकाश राठोडची आणि माझी गाडी एकाच महिन्यात घेतलेली. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही बेस मॉडेल. मीटर म्हणजे दोन काटे आणि मधे किलोमीटरचा आकडा, बस्स. मग प्रकाशनं रफीकभाई इलेक्ट्रिशियनकडून टॉप मॉडेलचं मीटर बसवून घेतलं. कुठल्याशा ठोकलेल्या गाडीतून काढलेलं, पण मधे रंगीत स्क्रीन! चावी फिरवली की दोन्ही काटे पार टोकापर्यंत जाऊन परत येतात.

"सलामी देते भाऊ!" प्रकाश म्हणाला.

त्याच्या आईला तांड्यावर सगळे याडी म्हणतात, म्हणून आम्हीही याडीच म्हणतो. याडी पहिल्यांदा गाडीत बसली. काटे वर गेले, खाली आले. याडीनं पदर सावरला आणि मीटरला उलटा रामराम घातला!

*

सगळ्या स्टँडला सलामी दाखवता दाखवता एके दिवशी प्रकाशची बॅटरी बसली. मी माझ्या बेस मॉडेलच्या बॅटरीला वायर जोडून दिली. मनात म्हटलं, आता तरी माझ्या गाडीचं नाव निघेल.

गाडी सुरू झाली, आणि सगळे पुन्हा सलामी पाहायला तिकडेच!

*

मीटर दुसऱ्या गाडीचं, त्यामुळे किलोमीटरही दुसऱ्या गाडीचे. प्रकाशची गाडी चाळीस हजार चाललेली, मीटर दाखवतं एक लाख सत्त्याऐंशी हजार. रफीकभाईंनी खरा आकडा कागदावर लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात चिकटवून दिला. मला केवढा आनंद झाला!

सगळ्यांसमोर मुद्दाम विचारलं, "काहून गा, एका दिवसात म्हतारी झाली तुही गाडी?"

"म्हतारी नाई गा," प्रकाश म्हणाला, "अनुभव हाय तिले!"

स्टँड खो-खो हसला. तेही माझ्यावर.

*

त्या स्क्रीनवर अॅव्हरेज दिसतं. तो आकडा वाढावा म्हणून प्रकाश इतका हळू चालवायला लागला की सायकलवाले मागे वळून पाहायचे. महागावला एका लग्नाच्या खुर्च्या पोचवायच्या होत्या. हा पोचला तेव्हा लग्न लागून जेवणं उरकत आली होती. पाहुणे उभ्यानंच जेवले.

नवरीचा मामा तापला, "खुर्च्या आता कायले आनल्या?"

प्रकाशनं त्याला हाताला धरून केबिनपाशी नेलं. "मामा, आजकाल उभ्यानंच जेवतात. तुमी हे पाहा, अठराचं अॅव्हरेज!"

आणि तो मामा, ज्यानं याला खरं तर बदडायला पाहिजे होतं, तो वाकून पाहत म्हणाला, "भारीच हाय बे!"

माझ्या वेळेवर पोचलेल्या मालाला आजवर कुणी भारी म्हटलेलं नाही.

*

हे सगळं मी सहन केलं असतं. पण मग मंदा!

मंदा माझी बायको. आठवडी बाजारात बांगड्यांचं दुकान लावते. लग्न झाल्यापासून बाजाराला जाताना माझ्याच शेजारी बसते. घरात माणसं इतकी की बोलणं होत नाही. जे काही आमचं दोघांचं, ते त्या अर्ध्या तासात, गाडीत. एकदा मी हैदराबादकडे माल घेऊन गेलो होतो, म्हणून ती प्रकाश आणि त्याची बायको कमला यांच्यासोबत गेली.

मी परत आल्यावर म्हणाली, "त्याइच्या गाडीत बेल्ट नाई लावला तं मीटर टुंगटुंग करते. कोनाले तरी काळजी हाय!"

पुढच्या बाजाराला माझी गाडी दारात रिकामी उभी होती. तरी "कमला वाट पाहून राह्यली" म्हणत मंदा तिकडे चढली. मी एकटाच मागून गेलो, त्यांच्या गाडीची धूळ खात. शेजारच्या सीटवर बांगड्यांच्या पेट्या. मला रडू यायचंच बाकी होतं.

*

शेवटी रफीकभाईंना गाठलं. "मलेबी तेच मीटर पाह्यजे. पन स्टँडवर कोनाले सांगू नका."

"नहीं बोलता भाई," रफीकभाई म्हणाले. "बाकी चारों बी येच बोल के गये!"

*

मीटर बसवताना रफीकभाईंनी डॅशबोर्ड सगळा मोकळा केला. देवाचा फोटो, हार, मंदानं लावलेली झालर, सगळं पिशवीत बांधून मागे ठेवलं. ते परत लावायला मला धीर कुठला! बाजाराच्या दिवशी सकाळीच गाडी दारात आणली आणि हॉर्न दिला.

मंदा पेटी घेऊन आली आणि शेजारी बसली. मी चावी फिरवली. काटे पार टोकापर्यंत गेले, परत आले. स्क्रीन रंगीत झाली. टुंगटुंग वाजलं. मी नुसता तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

मंदानं मीटर पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"प्रकाशभाऊची गाडी काहून मांगून आनली तुमी? आपली बिघडली का?"